ओझे आणि ओढ यांचा हिशेब मांडणारा अभियंता : शार्ल कूलोम

विजेच्या प्रभाराचे एकक म्हणून 'कूलोम' हे नाव विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. दोन विद्युतप्रभारांमधील बलाचा नियमही याच नावाने ओळखला जातो. मात्र ज्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून हे एकक आले, त्याने आयुष्याची पहिली वीस वर्षे विजेकडे वळूनही पाहिले नव्हते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तो लष्करी अभियंता होता. किल्ले बांधणे, तटबंदीच्या भिंतींची जाडी ठरवणे, मजुरांकडून माती आणि दगड वाहून घेणे हे त्याचे रोजचे काम होते. ओझे जितके अधिक, तितके ते ओढण्यासाठी लागणारे बल अधिक, हे कोणत्याही हमालाला कळते. ते नेमके किती अधिक, हा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचे उत्तर जहाजबांधणीच्या गोदीत, सुमारे एक टनापर्यंतची वजने प्रत्यक्ष ओढून शोधले. शार्ल-ऑगस्टिन द कूलोम यांची ही जीवनकथा.

आईशी मतभेद, वडिलांची वाट

कूलोम यांचा जन्म 14 जून 1736 रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील आंगुलेम या गावी झाला. शारांत नदीच्या काठावरील हे गाव. वडील आंरी कूलोम सरकारी जमिनींच्या महसूल खात्यात अधिकारी होते आणि त्यांचे घराणे दक्षिणेकडील माँपेलिए शहरातले. कुटुंब पॅरिसला आल्यावर मुलाला कोलेज माझारँ या नामांकित विद्यालयात घालण्यात आले. गणित आणि खगोलशास्त्र यांची गोडी त्याला तेथेच लागली.

याच सुमारास वडिलांचे पैसे सट्ट्यासारख्या व्यवहारांत बुडाले आणि ते माँपेलिएला परतले. आई पॅरिसमध्येच राहिली. मुलाने वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी तिची इच्छा होती. मुलाला मात्र गणितच हवे होते. यावरून घरात वाद झाला आणि तरुण कूलोम आईला सोडून माँपेलिएला वडिलांकडे गेले. तेथील विज्ञान मंडळाचे ते 1757 मध्ये सदस्य झाले आणि त्यांनी काही निबंधही वाचले. परंतु केवळ गणितावर पोट भरण्याची सोय त्या काळी फार थोड्यांना होती. बुडालेल्या घरातील मुलासाठी लष्करी अभियंत्याची नोकरी हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होता. 1760 मध्ये त्यांनी मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात प्रवेश घेतला आणि 1761 च्या अखेरीस ते लेफ्टनंट होऊन बाहेर पडले. गणिताचे अध्यापक शार्ल बोस्यू यांच्याशी तेथे जुळलेला स्नेह त्यांना पुढे विज्ञान अकादमीच्या दारापर्यंत घेऊन गेला.

मार्टिनिकची आठ वर्षे

पहिली नेमणूक ब्रेस्त बंदरावर झाली. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर जाण्यासाठी नेमलेला अभियंता आजारी पडला आणि त्याच्या जागी फेब्रुवारी 1764 मध्ये कूलोम यांना पाठवण्यात आले. उसाचे मळे आणि त्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम यांच्या जोरावर हे बेट फ्रान्सला अफाट पैसा मिळवून देत होते. 1762 मध्ये ते ब्रिटिशांनी जिंकले होते आणि 1763 च्या पॅरिस तहाने फ्रान्सला परत मिळाले होते. पुन्हा तशी नामुष्की ओढवू नये म्हणून फोर-रॉयाल बंदरावरील टेकडीवर भक्कम किल्ला उभारायचा निर्णय झाला. तोच फोर बुर्बों. 28 वर्षांच्या कूलोम यांच्यावर त्याचे काम सोपवण्यात आले आणि 1772 पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, ते तेथेच अडकून पडले.

या किल्ल्यावर सुमारे 60 लाख लिव्र खर्च झाले. टेकडी उकरायची, माती हलवायची, दगड वर चढवायचे आणि तटामागे भरावाच्या मातीचा दाब सहन करतील अशा भिंती बांधायच्या, असे ते काम होते. भिंत बारीक झाली तर कोसळणार, जाड केली तर पैसा आणि श्रम वाया जाणार. विद्यालयात शिकलेली सूत्रे या ठिकाणी पुरी पडत नाहीत, हे कूलोम यांच्या लक्षात येऊ लागले. कारण बहुतेक सूत्रे घर्षण जमेस धरतच नसत. कागदावरची कप्पी विनाविरोध फिरे आणि कागदावरचा उतार आरशासारखा गुळगुळीत असे. प्रत्यक्ष कामावर मात्र मजुरांच्या श्रमाचा मोठा हिस्सा निव्वळ घर्षण गिळून टाकी.

माणसाच्या श्रमाकडेही त्यांनी याच काळात मोजमापाच्या नजरेने पाहिले. मार्टिनिकच्या उष्ण हवेत युरोपातून आलेला सैनिक मायदेशातल्या निम्मेही काम करू शकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. माणूस दिवसाकाठी किती ओझे किती उंचीवर नेऊ शकतो, या विषयावर त्यांनी पुढे 1798 मध्ये निबंध वाचला. त्याची मुळे या बेटावरच्या कामात आहेत.

या आठ वर्षांची किंमत त्यांना शरीराने चुकवावी लागली. ते अनेकदा गंभीर आजारी पडले आणि खालावलेली प्रकृती जन्मभर पुरती सुधारली नाही. त्यांनी बांधलेला किल्ला पुढे फोर देसे या नावाने ओळखला जाऊ लागला.

मातीतले घर्षण

1772 मध्ये कूलोम फ्रान्सला परतले आणि बुशँ येथे रुजू झाले. मार्टिनिकमध्ये स्वतःच्या उपयोगासाठी केलेली टिपणे त्यांनी नीट जुळवली आणि 1773 मध्ये विज्ञान अकादमीपुढे एक निबंध सादर केला. तो 1776 मध्ये छापून आला. तुळया, खांब, कमानी आणि मातीचा भराव अडवणाऱ्या भिंती असे त्याचे विषय होते.

भिंतीमागची माती घसरू पाहते तेव्हा ती पाचरीच्या आकाराच्या ढिगासारखी एका तिरक्या पातळीवरून खाली येते, असे त्यांनी मानले. या पाचरीला अडवणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक, मातीच्या कणांची एकमेकांना धरून राहण्याची चिकटी. ही घसरणीच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. दुसरी, घर्षण. हे त्या पृष्ठभागावर पडणाऱ्या दाबाच्या प्रमाणात वाढते. वरचा भार वाढला की मातीला खाली ढकलणारे बल वाढते आणि तिला रोखणारे घर्षणही वाढते. या दोहोंचा मेळ घालून भिंतीवर येणारा सर्वाधिक दाब त्यांनी गणिताने काढून दाखवला. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मृदा यांत्रिकी शिकताना विद्यार्थी जो मोर-कूलोम सिद्धांत शिकतात, त्याचा उगम याच निबंधात आहे.

मात्र घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते, हे या निबंधात कूलोम यांनी बहुतांशी गृहीत धरले होते. ते स्वतः तपासून पाहण्याची संधी मिळायला आणखी सहा वर्षे जावी लागली.

आधीच्यांनी काय सांगितले होते?

घर्षणाचा विचार कूलोम यांच्या आधीही झाला होता. लिओनार्दो दा विंची यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांमध्ये ठोकळे ओढण्याच्या प्रयोगांची चित्रे आणि निष्कर्ष नोंदवून ठेवले होते. त्या वह्या प्रसिद्ध झाल्या नसल्याने ते ज्ञान कोणाच्याही कामी आले नाही. पुढे 1699 मध्ये गियोम आमोंतों या फ्रेंच संशोधकाने अकादमीपुढे दोन नियम मांडले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हा पहिला. घासणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ कमी-अधिक केल्याने घर्षणात फरक पडत नाही, हा दुसरा. दुसरा नियम ऐकून अकादमीचे सदस्य चकित झाले होते. रुंद फळी आणि अरुंद फळी सारख्याच बलाने ओढली जाईल, हे सहजासहजी पटण्यासारखे नव्हतेच.

आमोंतों यांनी आणखी एक विधान केले होते. लोखंड असो, शिसे असो, तांबे असो किंवा लाकूड असो, चरबी लावलेल्या पृष्ठभागांवर घर्षण साधारणपणे भाराच्या एक तृतीयांश असते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या संशोधकांना वेगवेगळे आकडे मिळाले. 1748 च्या सुमारास लिओनार्ड ऑयलर यांनी स्थिर वस्तू हलवताना होणारे घर्षण आणि चालू वस्तूचे घर्षण हे दोन निराळे मानले पाहिजेत, असे गणिताच्या अंगाने दाखवले. एकूण चित्र असे होते की नियम होते, आकडेही होते, पण गोदीतल्या कारागिराने भरवसा ठेवावा असे त्यांत फारसे काही नव्हते. प्रयोग लहान वजनांवर झालेले होते. लहान ठोकळ्याला लागू पडणारा नियम जहाजाला लागू पडेलच, याची खात्री कोण देणार?

ही खात्री फ्रान्सच्या नौदलाला हवी होती. म्हणून विज्ञान अकादमीने साध्या यंत्रांमधील घर्षण आणि दोरखंडांचा ताठरपणा या विषयावर पारितोषिक जाहीर केले. मोठ्या प्रमाणावर नवे प्रयोग केलेले असावेत आणि निष्कर्ष नौदलात वापरल्या जाणाऱ्या कप्प्या, रहाट आणि उतार यांना लागू करता यावेत, अशी अट होती. 1779 मध्ये पारितोषिकास पात्र निबंध आला नाही, म्हणून स्पर्धेची मुदत 1781 पर्यंत वाढवण्यात आली.

रोशफोरच्या गोदीत

1778 मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला. किनाऱ्यावर ब्रिटिश आरमाराचे सावट होते. 1779 मध्ये कूलोम यांना रोशफोर येथे पाठवण्यात आले. मार्की द मोंतालांबेर हे सरदार जवळच्या एक्स बेटावर संपूर्ण लाकडाचा किल्ला उभारत होते आणि त्यांना साहाय्य करण्याचे काम कूलोम यांच्याकडे होते. रोशफोर हे नौदलाचे मोठे बंदर. कूलोम यांच्या जन्मगावाजवळून वाहणारी शारांत नदी येथूनच पुढे समुद्राला मिळते. गोदीत भरपूर लाकूड होते, लोखंड होते, हरतऱ्हेचे दोरखंड होते आणि वजने उचलणारी माणसेही होती. अकादमीने मागितलेल्या प्रयोगांसाठी यापेक्षा चांगली जागा शोधूनही सापडली नसती.

कूलोम यांची मांडणी साधी होती. ओकच्या जाड तुळयांचा एक भक्कम, सपाट आणि लांब बाक तयार केला. त्यावर लाकडाची बिनचाकांची घसरगाडी ठेवली. तिला बांधलेला दोर बाकाच्या टोकावरील कप्पीवरून खाली सोडला आणि त्याला पारडे अडकवले. घसरगाडीवर ठेवलेली वजने हे ओझे आणि पारड्यात टाकलेली वजने ही ओढ. पारड्यात हळूहळू वजन वाढवत नेले की एका क्षणी गाडी जागची हलते. त्या क्षणीचे पारड्याचे वजन म्हणजे घर्षणावर मात करण्यास लागलेले बल. शाळेच्या प्रयोगशाळेत लाकडी ठोकळ्यावर वजने रचून तो ताणकाट्याने ओढण्याचा जो प्रयोग आज करून घेतला जातो, तो तत्त्वतः हाच आहे. फरक प्रमाणाचा होता. कूलोम यांनी घसरगाडीवर दोन हजार फ्रेंच पौंडांहून अधिक वजन चढवले. तेव्हाचा एक फ्रेंच पौंड म्हणजे आजचे सुमारे 490 ग्रॅम. म्हणजेच हे ओझे एक टनाच्या घरात जाते.

निष्कर्ष स्पष्ट होता. ओझे आणि ते हलवण्यास लागणारे बल यांचे गुणोत्तर जवळजवळ कायम राहते. कोरड्या ओकवर कोरडा ओक असेल, दोन्हींचे धागे एकाच दिशेने असतील आणि गाडी काही वेळ स्थिर राहिली असेल, तर हे गुणोत्तर त्यांना सरासरीने 2.34 मिळाले. सोप्या शब्दांत, 500 पौंडांच्या ओझ्याला सुमारे 214 पौंडांची ओढ लागते, 1000 पौंडांना सुमारे 427 आणि 2000 पौंडांना सुमारे 855. ओझे दुप्पट झाले की ओढही दुप्पट. एल्म लाकडावर एल्म ठेवल्यास गुणोत्तर 2.18 आले, फरवर फर ठेवल्यास 1.78 आणि ओक व फर एकमेकांवर घासले तर 1.50. म्हणजे या शेवटच्या जोडीत 1000 पौंडांसाठी सुमारे 667 पौंडांची ओढ हवी. सर्व पदार्थांना एकच एक-तृतीयांशाचा नियम लावणाऱ्या आमोंतों यांचे ते विधान मागे पडले. भाराशी असलेले प्रमाण टिकते, पण प्रमाणाचा आकडा कोणता पदार्थ कोणत्या पदार्थावर घासतो यावर ठरतो, हे कूलोम यांच्या कोष्टकांनी सिद्ध केले.

क्षेत्रफळाचा नियमही त्यांनी तपासला. रुंद तळाची गाडी आणि अगदी अरुंद पट्ट्यांवर टेकणारी गाडी यांत सारख्या ओझ्यासाठी लागणाऱ्या बलात फारसा फरक पडला नाही. मात्र येथे त्यांनी हातचे राखून लिहिले नाही. घर्षणाचे दोन भाग असतात, असे त्यांनी मांडले. एक भाराच्या प्रमाणातला आणि दुसरा पृष्ठभागांच्या चिकटीमुळे येणारा, जो क्षेत्रफळावर अवलंबून असतो. कोरड्या पृष्ठभागांवर मोठे ओझे असले की हा दुसरा भाग नगण्य ठरतो. चरबी लावलेल्या पृष्ठभागावर हलके ओझे असेल तर मात्र तो जाणवतो आणि सरळ प्रमाणाचा नियम थोडा ढळतो. लहान वजनांच्या प्रयोगांत पूर्वीच्या संशोधकांचे आकडे जुळत नव्हते, त्याचे एक कारण यातून उलगडते.

विसावा आणि वेग

कूलोम यांच्या कामातील नवा भाग वेळेशी संबंधित होता. गाडी बाकावर ठेवल्याबरोबर ओढली तर कमी बल लागते आणि काही वेळ तशीच राहू दिली तर अधिक, हे त्यांच्या ध्यानात आले. लाकडावर लाकूड असेल तर ही वाढ पहिल्या काही मिनिटांतच पूर्ण होते. धातूवर धातू असेल तर ती जवळजवळ लगेच होते. लाकडावर धातू असेल तर मात्र ती कित्येक दिवस चालू राहते. म्हणून त्यांनी विसाव्याचा काळ प्रत्येक कोष्टकात वेगळा नोंदवला.

एकदा गाडी चालू लागली की घर्षण कमी होते. लाकडाच्या बाबतीत तर ते फारच खाली येते. अवजड कपाट सरकवताना पहिल्या धक्क्याला जोर लागतो आणि मग ते त्या मानाने सहज सरकते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. चालू गाडीचे घर्षण मोजण्यासाठी कूलोम यांनी अंतराचे दोन समान भाग केले आणि प्रत्येक भागाला लागणारा वेळ लंबकाच्या साहाय्याने मोजला. ओढणारे बल आणि घर्षण दोन्ही कायम असतील, तर पहिल्या भागाला 100 क्षण लागले असता दुसऱ्याला गणिताने सुमारे 41 लागले पाहिजेत. मोजमापे या हिशेबाच्या जवळ आली. याचा अर्थ असा की वेग वाढला तरी घर्षण जवळपास तेवढेच राहते. लाकूड आणि धातू एकमेकांवर घासताना मात्र वेगाबरोबर घर्षण वाढते, हा अपवादही त्यांनी नोंदवला.

याखेरीज दोरखंडांचा ताठरपणा, नव्या-जुन्या व डांबर लावलेल्या दोरांतील फरक, कप्पीच्या आसावरील घर्षण यांचीही मोजमापे त्यांनी केली. घर्षण का होते, याचे त्यांचे स्पष्टीकरण सोपे होते. पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटे दोन ब्रशांच्या केसांसारखे एकमेकांत अडकतात, असे त्यांना वाटे. विसाव्या शतकातील संशोधनाने हे चित्र बदलले. दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात फार थोड्या बिंदूंवर टेकतात आणि भार वाढला की या खऱ्या स्पर्शाचे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढते, म्हणून घर्षणही वाढते, असे केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांच्या कामातून दिसून आले. स्पष्टीकरण बदलले तरी कूलोम यांची कोष्टके मात्र टिकली. 1830 च्या दशकात फ्रेंच लष्करी अधिकारी आर्त्यूर मोरँ यांनी मेट्झ येथे केलेल्या विस्तृत प्रयोगांनी मुख्य नियमांना दुजोरा दिला.

वस्तुमान वाढले की घर्षण वाढते, असे आपण सहज म्हणतो. कूलोम यांच्या हिशेबात महत्त्वाचा आहे तो पृष्ठभागावर लंब दिशेने पडणारा दाब. सपाट जमिनीवर तो वस्तूच्या वजनाएवढा असतो. उतारावर तीच वस्तू पृष्ठभागाला कमी दाबते, म्हणून घर्षण कमी होते. या नियमाचा आणखी एक परिणाम आहे. घसरत जाणाऱ्या वस्तूचे वस्तुमान दुप्पट केले तर तिला अडवणारे घर्षण दुप्पट होते, पण तिला थांबवणेही दुप्पट कठीण होते. त्यामुळे एकाच वेगाने सोडलेल्या हलक्या आणि जड वस्तू एकाच पृष्ठभागावर जवळपास सारख्याच अंतरावर थांबतात.

पारितोषिक, पॅरिस आणि तुरुंग

1781 चे पारितोषिक कूलोम यांच्या निबंधाला मिळाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. बंदरोबंदरी फिरण्याचे दिवस संपले आणि ते पॅरिसमध्ये स्थिरावले. निबंध 1785 मध्ये छापून आला आणि अभियंत्यांच्या अनेक पिढ्यांनी तो वापरला.

हा मान मिळाल्यानंतर दोन वर्षांतच त्यांच्यावर कैदेची वेळ आली. ब्रिटनी प्रांतात कालवे आणि बंदरे यांची मोठी योजना आखली जात होती आणि तिच्याविषयी मत देण्याचे काम कूलोम यांच्याकडे आले. होणारा खर्च आणि मिळणारा लाभ यांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा प्रतिकूल अभिप्राय होता. वरिष्ठांना तो रुचला नाही. नोव्हेंबर 1783 मध्ये त्यांना आठवडाभर तुरुंगात ठेवण्यात आले. नंतर फेरतपासणीसाठी पाठवले असता त्यांनी तोच अभिप्राय पुन्हा दिला. पुढे प्रांताच्या प्रतिनिधींना त्यांचे म्हणणे पटले आणि त्यांनी सेकंदकाटा असलेले एक मौल्यवान घड्याळ कूलोम यांना भेट दिले, असे चरित्रकार नमूद करतात. प्रयोगात वेळ मोजण्यासाठी ते उपयोगी पडत असे.

घर्षण टाळण्यातून विजेकडे

कूलोम विजेकडे वळले तेही घर्षणामुळेच. होकायंत्राची सुई टोकदार खुंटीवर फिरते आणि खुंटीवरील घर्षणामुळे अचूक दिशा दाखवत नाही, ही अडचण सोडवण्यासाठी अकादमीने पूर्वी एक स्पर्धा घेतली होती. कूलोम यांनी सुई बारीक धाग्याला टांगण्याचा उपाय सुचवला आणि 1777 चे पारितोषिक डच शास्त्रज्ञ व्हान स्विंडेन यांच्यासह पटकावले. धाग्याला पीळ बसतो तेव्हा तो उलट दिशेने किती जोर लावतो, याचा नियम त्यांनी 1784 मध्ये मांडला. त्यातून पिळाचा तराजू तयार झाला. टेकण्याची जागाच नसल्याने खुंटीवरच्या घर्षणाचा प्रश्न उरला नाही आणि अतिशय सूक्ष्म बले मोजणे शक्य झाले.

1785 मध्ये याच तराजूने त्यांनी दोन समप्रभारित गोळ्यांमधील प्रतिकर्षण मोजले. गोळ्यांमधील कोन 36 अंश असताना तारेचा पीळ 36 अंश होता. कोन 18 अंशांवर आणण्यासाठी 144 अंशांचा पीळ लागला आणि साडेआठ अंशांवर आणण्यासाठी 575.5 अंशांचा. अंतर निम्मे केले की बल चौपट होते, हे या तीन आकड्यांनी दाखवून दिले. 1785 ते 1791 या काळात वीज आणि चुंबकत्व यांवर त्यांनी सात निबंध लिहिले. जगभर त्यांची ओळख राहिली ती या निबंधांमुळे.

क्रांतीची झळ

1784 पासून राजधानीच्या राजकीय पाणीपुरवठ्याची आणि कारंज्यांची देखरेख कूलोम यांच्याकडे होती. अकादमीच्या समित्यांवर त्यांनी तीनशेहून अधिक अहवालांसाठी काम केले. 1789 मध्ये क्रांती झाली आणि ही घडी विस्कटली. 1791 मध्ये त्यांनी लष्करी सेवेतून निवृत्ती पत्करली. ऑगस्ट 1793 मध्ये विज्ञान अकादमीच बरखास्त झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वजने व मापे निश्चित करणाऱ्या आयोगातून त्यांना लाव्हाझिए, लाप्लास, बोर्दा यांच्यासह वगळण्यात आले. कूलोम आपले स्नेही बोर्दा यांच्यासमवेत ब्लुआ शहराजवळील आपल्या घरी निघून गेले. लाव्हाझिए मात्र पॅरिसमध्ये अडकले आणि 8 मे 1794 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

वादळ शमल्यावर 1795 मध्ये नव्या राष्ट्रीय संस्थेत कूलोम यांची निवड झाली आणि ते पॅरिसला परतले. 1802 मध्ये त्यांनी लुईझ फ्रांस्वाझ ल प्रूस्त देझोर्मो यांच्याशी रीतसर विवाह केला. या दांपत्याचे दोन मुलगे त्याआधीच जन्मले होते. त्याच वर्षी सार्वजनिक शिक्षणाचे महानिरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि फ्रान्समधील नव्या माध्यमिक शाळा उभ्या करण्याच्या कामात अखेरची वर्षे गेली. मार्टिनिकपासून पोखरलेल्या शरीराने अखेर साथ सोडली. 23 ऑगस्ट 1806 रोजी पॅरिस येथे वयाच्या 70 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

1881 मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने प्रभाराच्या एककाला कूलोम यांचे नाव दिले. 1889 मध्ये उभ्या राहिलेल्या आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांतही ते आहे. कोरड्या घर्षणाचा नियम अभियांत्रिकीच्या ग्रंथांतून त्यांच्याच नावाने शिकवला जातो. गाड्यांचे ब्रेक, सरकते पट्टे आणि डोंगरउतारावरील संरक्षक भिंती यांचा आराखडा आखताना आजही पहिला ढोबळ हिशेब याच नियमाने होतो. ओझ्याला ठरावीक गुणांकाने गुणायचे की घर्षणावर मात करण्यास किती बल हवे ते कळते. हा गुणांक गृहीत न धरता प्रत्यक्ष मोजून घ्यावा लागतो, हे रोशफोरच्या गोदीत शंभर वेळा वजने चढवून आणि उतरवून कूलोम यांनी दाखवून दिले.